काठीला लावलेला हात

आमच्या धाकट्या मामांइतका इतिहासाचा दरारा सातारा-सांगलीच्या पट्ट्यात दुसऱ्या कोणी बसवला असेल, तर त्याच्या घरी मी स्वतः पेढे नेऊन देईन. लष्करातून सुभेदार होऊन परतलेली माणसं ऊस लावतात, नाहीतर निवडणुकीला उभी राहतात. मामांनी मोडी लिपी शिकून घेतली आणि सगळ्या पाहुण्यारावळ्यांची झोप उडवली. रस्त्याकडेला शेंदूर फासलेला दगड दिसला की मोटारसायकलला करकचून ब्रेक! मागे बसलेला माणूस दवाखान्यात निघालाय की लग्नाला, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही. फलटणला माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात तर सगळे पानसुपारीत गुंतलेले असताना हे परसात जाऊन धुण्याचा दगड उलथत बसले. खालच्या अंगाला निघाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाची आठवण कोरलेला दगड. मामांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि धावत आलेल्या विहीणबाईंनाच सुनावलं, "आवं, एवढ्या मोठ्या शिपायाच्या पाठीवर तुमी चादरी आपटताय व्हय!" लग्न मोडता मोडता वाचलं. त्या घरात आता वीरगळाला रोज फूल पडतं, आणि धुणं मशीनमध्ये जातं.

"जुनं उकरून मिळतं काय?" असं विचारायची सोय नव्हती. "आज तू जे करतूस ते का करतूस, तुला ठावं न्हाई," मामा म्हणत. "कागदाला ठावं असतंय." आणि हाच कागद एक दिवस त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

मामांच्या गावच्या जत्रेत रंगीत कापडांनी सजवलेल्या उंच सासनकाठ्या नाचतात. पहिली काठी मामांच्या घराची. ती थोरले मामा उचलत, आणि तो मान म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मात्र काठी उचलण्याआधी धनगरवाड्यातले म्हातारे आबा पुढे येऊन तिला हात लावत. बिचारे दर्शन घेतात, असं आम्ही समजायचो.

गेल्या वर्षी गावातल्याच एका घरी, जुन्या ट्रंकेच्या तळाशी, मामांना मोडी कागद सापडला. दुष्काळात सगळा गाव उठून गेला होता. देवाला दिवा लावत एक धनगर घर तेवढं मागे राहिलं, म्हणून पहिली काठी त्यांची. पुढे एका जत्रेला ते मेंढरं घेऊन लांब गेलेले, तेव्हा "ते येईतोवर" काठी मामांच्या घराने धरावी, असं पंचांनी लिहून दिलेलं. ते तर केव्हाच परत आले होते. काठी परत द्यायची तेवढी राहून गेली. आबा त्याच घरातले, त्यांचा हात दर्शनाचा नव्हताच मुळी. ती परवानगी होती. खुद्द आबांनाही ते माहीत नव्हतं. आजा लावायचा म्हणून तेही लावत.

मामांचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. भावाचा मान आपल्याच तोंडाने काढून घ्यायचा होता. मला राहवेना. म्हटलं, "राहू द्या की मामा. गावात मोडी वाचतंय कोण?"

असे भडकले! "मी वाचतोय की!"

जत्रेच्या बैठकीत त्यांनी कागद खणखणीत आवाजात वाचला. थोरले मामा उठून गेले, ते भावाशी आजतागायत बोललेले नाहीत. एवढे सख्खे भाऊ, मला फार वाईट वाटलं.

यंदा काठी आबांची. हलगी कडाडली, गुलाल उधळला, पण आबा काठी उचलेनात. गर्दीत पार मागे उभ्या असलेल्या थोरल्या मामांना त्यांनी हाक मारली, "आवं दादा, या की म्होरं. इतकी वर्सं तुमी सांभाळली. तुमचा हात लागल्याबिगर न्हाई उचलायची."

थोरले मामा आले. काठीला हात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. धाकट्या भावाकडे त्यांनी पाहिलं नाही. मामा मात्र त्यांच्याकडेच बघत होते, आणि डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मग एकदम माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलास रं? लिवून ठेव! हात कुणी लावला आन् का लावला, दोन्ही लिव. पुढच्याला लय हुडकावं लागतंय."