सुईवाल्या ताईंचे गिअर

सगळे त्यांना सुईवाल्या ताई म्हणत. एका लहानशा प्रयोगशाळेसाठी त्या बावीस वर्षं घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करत होत्या. वय सत्तेचाळीस, जाड चष्मा, खांद्याला नळ्यांची पेटी. फिरणं सगळं बसने, नाहीतर पायी.

मग प्रयोगशाळेने नदीपलीकडच्या नव्या वसाहतीतलं काम घेतलं आणि घोळाला सुरुवात झाली. उपाशीपोटीचे नमुने सहाला घ्यायचे, आठच्या आत मशिनवर चढवायचे, आणि तिकडची पहिली बस सव्वासातची. गोळा करणारे जुने गृहस्थ निवृत्त झाले होते. त्यांना दिलेली मोटरसायकल मागच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. डॉक्टरांनी तिची किल्ली ताईंच्या हातावर ठेवली.

"दोन महिने घ्या. शिका, परवाना काढा."

"डॉक्टर, मला फक्त सायकल येते."

"मग अर्धं काम झालंच की!"

उरलेलं अर्धं कोणतं, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

ड्रायव्हिंग क्लासची वेळ सकाळची, म्हणजे नेमकी रक्त घ्यायची. संध्याकाळी तिथे फक्त चारचाकी शिकवत. तेव्हा घरच्या घरीच शिकायचं ठरलं. आधी नियमांचं पुस्तक आणलं. तांबड्या वर्तुळात एक तिरपी रेघ म्हणजे गाडी उभी करू नका, आणि फुली म्हणजे थांबूही नका.

"अहो, थांबणं आणि उभी करणं यात फरक काय?" ताईंनी नवऱ्याला विचारलं. नवरा पुस्तकबांधणी करायचा. पुढच्या खोलीत बसून तो एका जाड वहीच्या पाठीला खळ लावत होता.

"सोपं आहे. थांबायचं, पण उभं राहायचं नाही."

ताईंनी पुस्तक मिटलं. शिकाऊ परवान्याची परीक्षा संगणकावर झाली. पंधरापैकी अकरा उत्तरं बरोबर आली. कुठली अकरा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. नवऱ्याला चकरा येत, म्हणून त्याने गाडी सोडून दहा वर्षं झाली होती. पण परवाना होता आणि आत्मविश्वास तर भरपूर होता. तो भिंतीशी स्टूल टाकून बसे आणि तिथून ओरडे, "क्लच दाब! आता गिअर वर उचल! सगळे गिअर वरच असतात!"

ताई उचलत. गाडी ढिम्म हलत नसे, नुसती घुरघुरे.

परगावी राहणारा धाकटा भाऊ फोनवरून शिकवायचा. "ताई, भाऊजींचं काही ऐकू नकोस. पहिला खाली, बाकीचे वर. आणि पुढचा ब्रेक बिनधास्त वापर."

"अरे, हे म्हणतात पुढच्या ब्रेकला हात लावलास तर उलटी पडशील."

"त्यांच्या त्या डबड्यावर पडत असतील!"

दुसऱ्या दिवशी ताईंनी भावाचं ऐकलं. पहिला खाली दाबला, गाडी निघाली. ताई हरखल्या. वेग आल्यावर पुढचा गिअर वर उचलला, तर गाडीने जीवच सोडला. इंजिन मोकळं भणभणत राहिलं आणि मागून नवरा विजयी स्वरात ओरडला, "बघ! सांगितलं होतं ना!" काय सांगितलं होतं, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

त्यात डाव्या-उजव्याचा गोंधळ. ताई बावीस वर्षं माणसांच्या समोर बसून "डावा हात द्या" म्हणत आल्या होत्या, आणि समोरच्याचा डावा म्हणजे आपल्या उजव्या बाजूचा. ही सवय इतकी मुरली होती की नवरा "डावीकडे घे, डावीकडे!" म्हणाला की त्या शांतपणे उजवीकडे वळत. एकदा अशाच वळल्या आणि थेट वाळूच्या ढिगात घुसल्या. लागलं नाही, पण चष्म्याची काडी मोडली.

"तुला डावं-उजवं कळत नाही?" नवरा धावत येऊन म्हणाला.

"कळतं हो. पण कुणाचं, ते कळत नाही."

पक्क्या परवान्याच्या परीक्षेला नऊ दिवस उरले होते. ताईंना वाटलं, किल्ली परत करावी आणि डॉक्टरांना सांगावं, दुसरं कुणीतरी बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा माल पोचवायला गेला होता. ताई अंगणात आल्या, गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि इंजिन बंदच ठेवून वर बसल्या. हातावर शीर दिसत नसली की त्या बघणं सोडून देत आणि बोटाने चाचपत. तसंच डोळे मिटून त्यांनी पायाने चाचपलं. पंजाने खाली दाबलं: टक. मागचं चाक हाताने जरा फिरवून परत खाली: टक. आणखी दोनदा खाली, टक, टक. मग टाचेने मागे, एकेक करत सगळे परत.

म्हणजे या गाडीचे चारही गिअर खालीच होते. नवरा त्याच्या जुन्या गाडीचं शिकवत होता, भाऊ स्वतःच्या गाडीचं. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांचंही चुकत होतं. ताईंना हसावं की रडावं कळेना. संध्याकाळी हे ऐकून नवरा म्हणाला, "असं कसं असेल?" आणि स्वतः वाकून हाताने दाबून बघितलं.

परीक्षेच्या दिवशी मैदानात वीसेक जणांची रांग होती. परीक्षक वही घेऊन आठच्या आकड्याच्या टोकाला उभे होते, ताईंकडे तोंड करून.

"हं, सुरू करा. पहिलं वळण डावीकडे."

ताईंनी क्लच तसाच धरून ठेवला. "साहेब, तुमचं डावं की माझं?"

रांगेत खसखस पिकली. परीक्षकांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. "तुमचं," ते म्हणाले, पण हात मात्र दुसरीकडेच दाखवला.

ताईंनी हाताकडे दुर्लक्ष केलं. आठ काढला. मधल्या चौफुलीवर एक पाय खाली टेकला की नुसता टेकल्यासारखा वाटला, याची त्यांना खात्री नव्हती. थांबल्यावर परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. "जा."

"म्हणजे पास का नापास?"

"तीन नंबरच्या खिडकीवर जा."

तिथली मुलगी म्हणाली, "समोर बघा." फ्लॅश उडाला. नापास झालेल्यांचा फोटो काढत नाहीत, हे बाहेर आल्यावर नवऱ्याने सांगितलं तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात उजेड पडला. परवान्यावरचा त्यांचा चेहरा अजूनही कुणालातरी काहीतरी विचारतोय असाच दिसतो.

पुढच्या सोमवारी पावणेसहाला त्या पूल ओलांडून पलीकडे गेल्या. पहिलं घर एका निवृत्त मास्तरीणबाईंचं. बाही वर करून त्या तयारच बसल्या होत्या. ताईंनी सुई काढली आणि थबकल्या. हँडल धरून धरून बोटं थरथरत होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"पाच मिनिटं थांबाल?" त्यांनी विचारलं.

"थांबते की," बाई म्हणाल्या. "मोटरसायकलवर आलात? आवाज ऐकला मी. मला वाटलं, दूधवाला."

दोघी खिडकीशी बसून राहिल्या. आठ वाजायला पुष्कळ वेळ होता.