तपासणीला बरोबरचा माणूस

“माझ्याबरोबर कुणी येऊ नका.”

फाट्यावर सर्व्हिस मोटारीतून उतरून साहेब चालत आमच्या फाटकाशी यायचे, टोपी नीट करायचे आणि तळहात पुढं धरून एवढंच म्हणायचे. मुकादम पुढं धावायचा तो तिथंच थिजायचा. आमच्या युनियनचे रहिमानचाचा थापी खाली ठेवून निघालेले असायचे, तेही थांबायचे. आणि साहेब एकटेच आत.

संगमनेरच्या बाजूला प्रवरेकाठी साखर कारखान्याची इमारत उठायला लागली, तेव्हाचं हे. मी तिथं गवंडीकाम करतो आणि जेवणाच्या सुट्टीत नकला. ठेकेदाराची केली, मुकादमाची केली, चाचांचीसुद्धा केली. पण पोरं हटकून मागायची ती इन्स्पेक्टरसाहेबांची. बांबूच्या परांच्या मजबूत आहेत का, माणसं सांभाळून वागवतात का, हे बघायला सरकार त्यांना नगरहून धाडायचं.

त्यांचं वागणं तुम्ही बघायला हवं होतं. ठेकेदाराचा चहा नको, आमचाही नको. पाणी स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं. ठेकेदाराच्या माणसांचं छप्पर एका अंगाला, आमचं लिंबाचं झाड दुसऱ्या अंगाला. साहेब बरोब्बर मधल्या उन्हात छत्री उघडून विटांवर बसायचे आणि भाकरी खायचे. सावली तेवढी सरकारी.

एकदा ईदेला चाचांनी त्यांच्यासाठी शीरखुर्मा आणला. साहेबांनी हात जोडले.

“तपासनी संपली की घ्या मंग,” चाचा म्हणाले.

“काम चालू आहे तोवर तपासणी संपत नाही, चाचा.”

चाचांनी वाटी झाकून परत नेली. तो शीरखुर्मा मीच खाल्ला.

एका दुपारी मी वाळूच्या ढिगावर त्यांची चाल करत होतो. पोरं हसता हसता एकदम गप्प झाली. मागं साहेब.

“मी डावा पाय असा टाकतो?”

आता मार खायचाच तर खरं बोलून खावा. “व्हय साहेब. जरा भाईर पडतो.”

त्यांनी वाकून स्वतःच्या बुटाकडं पाहिलं. “कुणी बोललं नाही कधी,” म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या खेपेला डाव्या बुटाला नवा तळ होता. चाल तीच होती.

मग सखुबाई पडली. चुन्याचं घमेलं घेऊन मागच्या परांचीवर चढत होती, बांधणीचा सुंभ तुटला. जीव वाचला, कंबर गेली. साहेब आदल्याच आठवड्यात तपासणी करून गेले होते. ते नेहमी पुढून चढायचे, हे मुकादमानं हेरलं होतं. म्हणून नवा सुंभ सगळा पुढच्या अंगाला आणि कुजका मागं.

पुढच्या तपासणीला चाचा आणि मी फाटकात आडवे उभे राहिलो.

“आमचा एक मानूस संगं घ्या, मंग जावा आत,” चाचा म्हणाले.

“तुमचा घेतला तर मुकादम म्हणेल माझाही घ्या. मग मी तपासणी करू का वरात काढू?”

“काढा की वरात. सखुबाई पडली तवा तुमी एकटंच हुता न्हवं?”

 साहेब ऊन चढेपर्यंत आमच्यासमोर उभे राहिले, मग आले तसे फाट्याकडं गेले. चार दिवसांनी आम्हा दोघांवर समन्स आलं. सरकारी माणसाला कामात अडवलं. तुरुंग होईल, असं आमचा वकील म्हणाला. चाचांनी घरी काही सांगितलं नाही, फक्त पोराला गवंडीकामाला लावलं.

संगमनेरच्या कोर्टात मुकादम धुतलेलं धोतर नेसून साक्षीला हजर. ठेकेदाराला आम्ही आत गेलेलेच हवे होते. आमच्या वकिलानं साहेबांना विचारलं, “तुम्हाला अडवलं, हे पाहिलं कुणी?”

साहेबांनी मुकादमाकडं पाहिलं. हो म्हणायला मुकादम उतावीळ झाला होता.

“मुकादम त्या दिवशी तिथं नव्हते. नगरला गेले होते.”

“मग कोण होतं?”

“हे दोघं होते. आणि मी.”

“तुमच्या बाजूनं?”

“माझ्याबरोबर कुणी नसतं.”

कोर्टात कुणीतरी हसलं. मी नाही. दुसरा साक्षीदार नाही म्हणून आम्ही सुटलो. मॅजिस्ट्रेटनं दोन्हीकडच्या वकिलांना बसवून तोड काढली, की यापुढं इन्स्पेक्टरबरोबर युनियनचा एक माणूस राहील, दोघांनाही बरं. साहेब “बरं” म्हणाले. बाहेर आमच्या लोकांनी गुलाल उधळला. व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर साहेब मोटारीची वाट बघत बसले होते. गुलाल तिथवर पोचला नाही.

युनियननं माणूस नेमला तो मी. चाचा म्हणाले, “ह्याला त्यांची चाल ठावं हाय.”

साहेबांना कुणाबरोबर चालायची सवयच नव्हती. दोन पावलं पुढं जायचे, थांबायचे, मी आहे का बघायचे, परत पुढं. मागच्या अंगाचे सुंभ मी दाखवले. त्यांनी उभं राहून एकूण एक कापायला लावले. मग वर, तिथल्या सगळ्यात उंच फळीवर बसून त्यांनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. घ्यायचं नाही असा त्यांचा नेम होता. द्यायचं नाही असा नसावा.

“सखुबाई चालते का?”

“काठी घिऊन चालती.”

ते नदीकडं बघत चावत राहिले. “पुढच्या वेळी मागून सुरू करू,” म्हणाले.

करू म्हणाले, करीन नाही. मला ते घरी गेल्यावर जाणवलं.

पुढच्या वेळेआधी त्यांची बदली झाली. कुठं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कोणाला. नवे साहेब नगरलाच बसतात. ठेकेदार कागद तिकडं पाठवतो, सही होऊन येते.

कोर्टात ठरलेलं मात्र चाचा मोडू देत नाहीत. तपासणीचा दिवस आला की म्हणतात, “जा रं, फाटकात उबा ऱ्हा. आपला मानूस न्हवता असं कुनी म्हनाया नको.” मी हाताचा चुना धुतो, सदरा बदलतो आणि जाऊन उभा राहतो. फाट्यावर मोटार थांबते. बाजारच्या बाया उतरतात, कोंबड्यांची पाटी उतरते. मोटार निघून जाते.

वरून चाचा ओरडून विचारतात, “आलं का कुनी?”

मी अजून थोडा वेळ थांबतो.