कडुबा मिस्त्रींचं नाक

कडुबा मिस्त्री गेल्या पौषात, एका बुधवारी सकाळी, राहत्या घरी वारले. वय सदुसष्ट. जालन्यातल्या मस्तगडमधलं त्यांचं गॅरेज त्याआधी पाच महिने बंद होतं. ते त्यांनी स्वतः बंद केलं होतं.

गाडी आली की मिस्त्री आधी बॉनेट उघडत, तेलाची पट्टी ओढत आणि तिचं टोक नाकाशी नेत. डोळे मिटलेले. मग बोटांवर थेंब घेऊन चोळत. माझी मोटारसायकल अठरा वर्षं त्यांच्याकडे होती. तिचं तेल पाहतानाही हा क्रम चुकला नाही. एकदा मी रस्त्यात दुसऱ्याच दुकानातून पाव लिटर तेल घालून आलो होतो. पट्टी नाकाशी नेताच त्यांनी विचारलं, "भाऊ, कोणाच्या घरी जेवून आलाव?"

इंजिनात आधीचं तेल कोणतं, हे कळल्याशिवाय ते वरून थेंबही घालत नसत. "आत कोण बसलंय ते इच्यारल्याबिगर नवा पाव्हणा घुसवायचा न्हाई," असं म्हणत. बाजारातल्या डब्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. नव्या डब्यात जुनं तेल गाळून भरलेलं त्यांनी दोनदा पकडलं होतं. म्हणून आणलेलं तेल ते वास घेऊन पारखत आणि तोटीच्या पत्र्याच्या डब्यांत ओतून ठेवत. डबे एकाच मापाचे, एकाच रंगाचे. एकावरही चिठ्ठी नाही. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "लेबल दुकानदार चिटकवतो. वास तेलाचा सोताचा असतो."

परतूरच्या एका जिनिंगमालकांचा मुलगा अजिंक्य दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन त्यांच्याकडे आला, त्या दिवशी मी तिथे होतो. गाडी लाल, जमिनीला टेकलेली. तेलाचा दिवा लागला होता. वडिलांची जीप मिस्त्रींनीच सांभाळलेली, म्हणून तो थेट इथे आला. शेजारचा टायरवाला म्हणाला, "जाडं तेल टाका, मामू. गरम होनारी गाडी हाय, जाडंच टिकतं."

"तुह्या ट्रकाला टाक," मिस्त्री म्हणाले. त्यांनी गाडीचं पुस्तक मागितलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. पातळ, पूर्ण सिंथेटिक, अमुक ग्रेडचं. जालन्यात ते मिळालं नाही. अजिंक्यला लग्नाला जायचं होतं.

"मामा, अर्धा लिटर कोनतंबी टाका ना. जाऊन येतो जल्दी."

"गाडी उभी राह्यली तर दोन दिवस राहती, बापू. इंजन बसलं तर बसलंच. लग्नाला एस्टीनं जाय. नवरदेव तू हाईस का?"

अजिंक्य एसटीने गेला. तेल संभाजीनगरहून आलं. चार लिटरपैकी एक लिटर गाडीत गेलं, उरलेलं तीन लिटर मिस्त्रींनी आपल्या एका डब्यात ओतून फळीवर ठेवलं.

त्यानंतर साथीच्या तापाने ते तीन आठवडे अंथरुणाला होते. उठले, गॅरेज उघडलं, पट्टी पहिल्यासारखी नाकाशी नेऊ लागले. त्यांची मुलगी रंजना परतूरला शिक्षिका आहे. घरी वरण करपलं तरी बाबांना कळत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर्दी हाय." ही सर्दी दीड वर्ष राहिली. गॅरेजवर कोणाला ती माहीत नव्हती.

त्या दीड वर्षाच्या अखेरीस अजिंक्य पुन्हा आला. तेल पुन्हा थोडं कमी होतं. मिस्त्रींनी फळीवरचा डबा काढला, हुंगला, लिटरभर तेल घातलं. वीस दिवसांनी गाडी वाटूर फाट्याजवळ बंद पडली. इंजिन जाम झालं होतं.

बातमी कळल्यावर मिस्त्रींनी गॅरेजचं दार लोटून घेतलं आणि फळीवरचे डबे मापून पाहिले. स्पोर्ट्स कारचं तेल तीन लिटर होतं, तसंच तीन लिटर भरलं. शेजारच्या डब्यातलं, जीपला लागणारं डिझेल इंजिनचं जाड तेल लिटरभर कमी होतं. हे त्यांच्याखेरीज कोणालाच कळलं नसतं. त्यांनी त्याच दुपारी अजिंक्यला फोन करून बोलावलं. मीही होतो.

"मामा, गाडी जुनीच घेतल्ती मी. व्हतं असं. तुम्ही कामून सोतावर घेऊन राह्यले?"

"मी वास घेतल्ता," मिस्त्री म्हणाले. "आलाच न्हाई. तरी वतलं."

टायरवाला दारात उभा होता. त्याने एरवी टोमणा मारला असता. तो आपल्या दुकानात परत गेला.

पुण्यात इंजिन उघडलं. महिन्याभराने तपासणीचा कागद आला. तेल वर खेचणाऱ्या पंपाची जाळी प्लास्टिकच्या तुकड्यांनी बुजली होती. तुकडे इंजिनातल्याच एका झिजलेल्या भागाचे होते. आत दुसऱ्या जातीचं तेल आढळलं, पण इंजिन त्यामुळे बसलेलं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अजिंक्य तो कागद घेऊन मिस्त्रींच्या घरी गेला. रंजनाने तो दोनदा वाचून दाखवला.

"म्हंजी दुसरं तेल निघालं आत?"

"निघालं, बाबा. पण त्यानं काही झालं न्हाई."

"निघालं ना? मंग झालं तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं. गिऱ्हाइकं घरी येऊन गेली. एकाने म्हटलं, चिठ्ठ्या चिकटवू डब्यांवर, आम्ही वाचून देऊ. मिस्त्री म्हणाले, "चाळीस वर्सं लोकायले सांगलं, वाचू नका म्हून. आता कोन्या तोंडानं वाचू?"

रंजनाला बसवून त्यांनी यादी करायला घेतली. तापातून उठल्यापासून ज्या ज्या गाडीत वरून तेल घातलं, ती प्रत्येक गाडी. अजिंक्यची सोडून सतरा निघाल्या. त्यातल्या एका मोटारसायकलपुढे नाव माझं होतं. पाच महिने ते एसटीने, कधी पायी, एकेका मालकाकडे गेले. काय झालं असावं ते त्यांनी प्रत्येकाला सांगितलं आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून तेल उतरवून नवं भरून घेतलं. बहुतेक गाड्या ठीक चालत होत्या. दोघांनी त्यांना चहा पाजून परत पाठवायचा प्रयत्न केला. ते तेल बदलेपर्यंत उठले नाहीत.

सोळा गाड्यांचं तेल बदललं. सतरावी गाडी पिंपळगाव रेणुकाईची एक जीप होती. वारण्याच्या आठ दिवस आधी ते तिथे गेले. मालकाने ती दिवाळीत भोकरदनच्या बाजारात विकली होती. घेणाऱ्याचं नाव त्याला आठवलं नाही.