अर्धी-अर्धी गोळी

मांजरसुंब्याच्या फाट्यावरचा औषधदुकानदार गिऱ्हाइकाला कधी "बसा" म्हणत नाही. पण समजावून सांगितल्याशिवाय औषधही हातातून सोडत नाही. मी आईच्या गोळ्या त्याच्याकडूनच नेतो.

परवा ऊसतोडीला निघालेली एक बाई बीपीची गोळी मागत होती, दिवसभर हळूहळू विरघळणारी. म्हणाली, "आमा दोघांलाबी बीपी हाय. मुकादम हिशेबात नवरा-बायकोला मिळून एकच कोयता धरतो, म्हून गोळीबी अर्धी-अर्धी घेतो."

तो खेकसला, "टँकरचा नळ फोडल्यावर पानी दिवसभर पुरंल का? गोळी फोडली की सगळं औषध एकदम अंगात. फडात चक्कर येऊन पडताल!"

मग त्यानं दोन पाकिटं वेगवेगळी ठेवली. "हे तुजं. हे त्याचं."

बाईनं मान डोलावली आणि दोन्ही पाकिटं पदराच्या एकाच गाठीत बांधली.

ती ट्रॅक्टरवर चढेपर्यंत तो त्या गाठीकडं बघत राहिला.