हबवरचा पालथा हात

आमचे भावोजी म्हणजे काही खरे भावोजी नव्हेत. माझ्या नवऱ्याचे मित्र, म्हणून भावोजी. आमच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत ते एकवीस वर्षं राहतात. म्हणजे त्यांचं सामान राहतं, ते स्वतः रस्त्यावर. कारखान्यातून निघालेली नवी कॅरॅव्हॅन, म्हणजे ते चाकावरचं घर, कंपनीच्या गाडीला मागे जोडायची आणि ज्यानं घेतली त्याच्या दारात नेऊन सोडायची, हे त्यांचं काम. पाठीवर घर घेऊन संथ चालणारा माणूस म्हणून आमच्या ह्यांनी त्यांचं नाव ठेवलं गोगलगाय. वर "आणि पोटात पाय" अशी पुस्ती जोडून स्वतःच हसायचे. ती पुस्ती मात्र खोटी होती. भावोजींच्या पोटात काही राहतच नसे, आणि त्यापायीच त्यांचं लग्न राहिलं. एकदा सगळं जमत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा घरी कधी असतो? ह्या शहाण्यानं खरं उत्तर दिलं.

शेकड्यानं घरं पोचवली असतील त्यांनी, पण एकातही कधी बसले नाहीत. गाद्यांवर प्लास्टिक असतं, घर कोरं राहिलं पाहिजे, असा कंपनीचा नियम. वाटेत मुक्काम पडला की मागे दोन पलंगांचं घर रिकामं, आणि हे आपले गाडीच्या सीटवर पाय मुडपून झोपलेले.

कामाला मात्र पक्के. निघताना, टायर गार असताना, पासष्ट पाउंड हवा, चारही चाकांत. रस्त्यावर ती सत्तरीच्या वर चढते, चढू द्यायची. गरम टायरची हवा काढणारा शहाणा पुढच्या गावी माझ्यासारखीच्याच दुकानात येऊन उभा राहतो. दर दीड तासानं गाडी थांबवून भावोजी खाली उतरायचे, घराभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध, हबवर, हात ठेवायचे. आतलं बेअरिंग बिघडलं की पहिला तापतो तो हब. तळवा नाही, पालथा हात. तळवा कामानं निबर होतो, पालथ्या हाताला खरं कळतं, असं ते म्हणायचे. "चारही सारखी तापली तर प्रवास, एकच तापलं तर आजार." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मग कुठल्याशा दुसऱ्या ड्रायव्हरच्या घराचं चाक भर रस्त्यात निखळलं आणि ऑफिसनं सगळ्यांना यंत्रं वाटली. चार टोपणं टायरच्या व्हॉल्ववर बसवायची, चार चकत्या हबवर चिकटवायच्या, आणि एक छोटी स्क्रीन ड्रायव्हरपुढे ठेवायची. कुठल्या चाकात हवा किती, कुठला हब किती तापला, सगळं बसल्या जागी. भावोजींनी तो खोका माझ्या दुकानातल्या फळीवर ठेवला आणि पाच महिने त्याकडे बघितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला, वहिनी?"

मी काही गोड बोलणारी बाई नाही. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून दुकान मीच चालवते. अजूनही गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, "मालक आहेत का?" आणि मी हवेची नळी हातात धरून त्याच्याकडे नुसती बघते. पण भावोजींना मी त्या खोक्यावरून जास्त छेडलं नाही. चूक झाली.

एका सकाळी ते खेप संपवून आले. मी शेगडीवरून चहा थेट स्टीलच्या पेल्यात ओतला आणि फडक्यानं धरून त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो मुठीत धरला आणि वाटेतल्या खड्ड्यांबद्दल सांगत बसले. मी वाट बघत होते, आता खाली ठेवतील, मग ठेवतील. ठेवेनातच. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजव्या हातावर, पालथ्या बाजूला, बोराएवढा फोड.

"हे कुठे भाजलं?"

त्यांनी हात वळवून बघितला. मला पहिल्यांदा दिसलं तसं त्यांनाही पहिल्यांदाच दिसलं. "सायलेन्सरला लागला असेल."

"असेल? भाजलेलं माणसाला अंदाजानं कळतं होय? आणि तो पेला ठेवा खाली. मला फडक्यानंसुद्धा धरवत नव्हता."

त्यांनी पेला ठेवला. "दीड वर्ष झालं," म्हणाले. "आधी बोटं गेली. मग वरची बाजू. काही कळत नाही."

"मग दर दीड तासानं खाली उतरून बघता काय?"

"बघत नाही. हात ठेवतो." मग आवाज आणखी खाली गेला. "मागच्या खेपेला एक हब तापला असावा. वास आला होता. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा."

मी इतकी ओरडले की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. निखळलेलं चाक कुणाच्या अंगावर जातं ते बघून जात नाही. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ऑफिसला सांगू नका. हे काम गेलं तर मी वर खोलीत बसून करू काय?"

मी मलमाची डबी काढली. मलम लावताना मी त्यांचा हात हातात धरला होता आणि ते शिंप्याकडे बघत होते, हात आपला नसल्यासारखे. दीड वर्ष. तेवढ्या काळात एकदा जरी कुणी ह्यांचा हात धरला असता तरी कळलं असतं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा, कारण दर खेपेनंतर चहाचा पेला मीच त्यांच्या हातात देत होते.

"ऑफिसला मी सांगणार नाही," मी म्हटलं. "पण पुढच्या खेपेला हे यंत्र लावायचं आणि मी बरोबर येणार."

"दुकान?"

"एक दिवस बंद राहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही."

त्या खेपेच्या सकाळी चकत्या चिकटवल्या, टोपणंही मीच बसवली. त्यांच्या बोटांत ती ठरत नव्हती, दोनदा मातीत पडली. कुठलं टोपण कुठल्या चाकाचं ते स्क्रीनला नीट सांगावं लागतं, नाहीतर रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे. चारही टायर गार, पासष्ट पाउंड. मी शेजारच्या सीटवर बसले. त्या सीटवर पाण्याची बाटली, टॉवेल, जुने नकाशे असा पसारा होता. माणूस बसायची जागा आहे हे ती सीटच विसरली होती.

पहिल्या दीड तासात सगळं सुतासारखं सरळ. मी आकडे वाचायचे, ते मान हलवायचे. खाली उतरून त्यांनी फेरी मारली, हात ठेवला, मी ठेवू दिला. पुन्हा निघालो. तासाभरानं उजव्या मागच्या हबचा आकडा बाकीच्यांना सोडून एकटाच चढायला लागला. साठ अंश, पंच्याहत्तर, नव्वद. बाकीचे तीन पन्नाशीच्या आत. मग यंत्रानं टीं टीं करून गाडी डोक्यावर घेतली. भावोजींनी गाडी कडेला घेतली. मी स्क्रीन हातात घेऊनच उतरले.

ते उजव्या मागच्या चाकापाशी वाकले. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून डावा हात ठेवला.

"उगाच ओरडतंय, वहिनी. नवं यंत्र आहे. हा बघा, गार आहे."

स्क्रीनवर एकशे अठरा होते.

मी त्यांचा हात धरून ओढला. ओढताना ते माझ्यावर चिडले, काय करताय म्हणून. मी बाटलीतलं चार थेंब पाणी हबवर टाकलं. चर्र करून उडून गेलं. भावोजींनी आधी हबकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडे. त्यावर लाल चट्टा उठत होता.

मी म्हटलं होतं तसं मी कुणालाही सांगितलं नाही. त्यांनीच फोन लावला. "उजव्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय," त्यांनी ऑफिसला सांगितलं, "आणि माझे हातही गेलेत. मिस्त्री पाठवा आणि बरोबर दुसरा ड्रायव्हर पाठवा." दोन्ही गोष्टी एकाच सुरात.

माणसं यायला तीन तास होते आणि ऊन मी म्हणत होतं. मी किल्ली घेऊन त्या घराचं दार उघडलं.

"नियम आहे," भावोजी म्हणाले.

"नियम आता येणाऱ्या ड्रायव्हरला."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते आले. पायरीपाशी चपला काढल्या आणि पलंगाच्या कडेवर अवघडून बसले. प्लास्टिक चुरचुरलं. खिडकीतून रस्ता दिसत होता, एवढासा ओटा, दोन खुर्च्या, भिंतीला कपबशांची फळी. त्यांनी सगळं एकदा नीट बघून घेतलं.

"छान असतं की आतून," ते म्हणाले.

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं. "कळत नव्हतं, तर दीड वर्ष हात ठेवत कशाला होता?"

"दिवसभरात हात ठेवायला दुसरं काय होतं, वहिनी?"

डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. हाताच्या नसा गेल्यात, पायाची बोटंही त्याच वाटेवर आहेत. ब्रेकवर पाय पडला की नाही हे ज्याला कळणार नाही त्यानं घर ओढू नये, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. गाडीची किल्ली भावोजींनी स्वतः ऑफिसात नेऊन दिली. आता ते वर खोलीत असतात. इतक्या वर्षांत मला वरून पावलांचा आवाज माहीत नव्हता, तो आता दिवसभर येतो. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मध्येच थांबतो. दीड तासानं का, ते मी मोजलं नाही.

सकाळी आठला ते पट्टी बदलायला खाली येतात. उजवा हात केव्हाच बरा झाला, डाव्याला वेळ लागला. काल पट्टी सोडली तर खाली नवी गुलाबी कातडी आली होती. जखम पूर्ण भरली होती.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते. बघितल्याशिवाय त्यांना कळत नाही, हात कुणी धरलाय की नाही ते.

"अजून ओली आहे," मी म्हटलं, आणि नवी पट्टी घेतली. "उद्या परत यावं लागेल."

त्यांना डोळे आहेत. त्यांनी एकदा त्या कातडीकडे बघितलं, मग हात पुढे केला आणि म्हणाले, "बरं."