बुंध्याला मी

"बुंध्याला मी!" कपाट हलवायचं असो की पाण्याचं पिंप, एवढं म्हणून तो जड बाजूला जाऊन उभा राहायचा. शब्द होळीचे. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात होळीचं झाड खांद्यावरून आणताना बुंध्याखाली वर्षानुवर्षं त्याचाच खांदा असायचा.

रोह्याच्या कंपनीत आम्ही एका शिफ्टला होतो. तो अष्टमीचा, मी पेणचा. असा एक गडी तुमच्याही खात्यात असेल. त्याच्या जिवावर बाकीचे नुसता हात लावल्यासारखं करतात.

चाळिशी उलटली आणि हा गडी उतरू लागला. जेवणाच्या सुट्टीत बाकावर झोपायचा. पोट सुटलं, दंड सैल पडले, उगाच डाफरायला लागला. आम्ही "म्हातारा झाला" म्हणून चिडवायचो. मग एका होळीला तो आपणहून हलक्या शेंड्याकडे गेला. त्यानंतर कोणी चिडवलं नाही.

वडखळच्या नाक्यावर तंबू ठोकलेल्या वैदूकडून त्याने ताकदीचं चूर्ण आणलं. त्याने जुलाब तेवढे झाले.

एका सकाळी तो पेणला माझ्या दारात उभा, कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा. "शुगर बगायला आल्तो." आमच्याकडची रीतच आहे, लाजेचं दुखणं रोहेकर पेणला दाखवतो आणि पेणकर रोह्याला. माझ्या मूळव्याधीचा डॉक्टर रोह्याचाच. त्यामुळे मी खोलात गेलो नाही.

पोहे खाताना तोच बोलला. टेस्टोस्टेरॉन म्हणून पुरुषाच्या अंगातलं हार्मोन असतं, ते कमी आलं होतं. एका तपासणीवर डॉक्टर औषध देत नाहीत. पुन्हा सकाळीच रक्त द्यायचं, कमी का झालं तेही शोधायचं. आजची ती दुसरी खेप होती.

"वहिनींना सांगितलंस?"

"काय सांगू? नवरा शेंड्याला गेला म्हनून?"

तेवढ्यात दार वाजलं. त्याची बायको! नवरा भल्या पहाटे पेणला का जातो, हे बघायला ती मागच्या गाडीने आली होती. घर तिला माहीत होतं.

"कोन हाय ती?" तिने उंबऱ्यातूनच विचारलं. माझी बायको हातात झारा घेऊन बघतच राहिली.

"ती नाय गो कोनी. रक्त द्याला येतो मी." त्याने कापूस दाखवला आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं.

ती उंबऱ्यावरच बसली. "मला वाटलं, मीच नकोशी झाले तुमाला," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेलो.

बाहेर आलो तर ती उठून उभी. "चला. डॉक्टरकडं मी पन येते."

डॉक्टरांनी झोप, घोरणं, वजन सगळं विचारलं. घोरण्याचं उत्तर तिनेच दिलं म्हणे, आवाजासकट. रिपोर्ट कमीच आला. पुढे इंजेक्शनं सुरू झाली, मधूनमधून रक्त तपासणं चालू राहिलं. जादू काही झाली नाही. पण काही महिन्यांनी तो जेवणाच्या सुट्टीत जागा राहायला लागला, टिंगलही करायला लागला.

गेल्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि कोलाडपलीकडे वडिलोपार्जित शेती बघायला गेला. आता पिंप हलवायचं झालं की आम्ही एकमेकांकडे बघत राहतो.

त्याचं सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. लोखंडी कपाट आडवं केलं. तो सवयीने जड बाजूला वळला, तर बायको पदर खोचून तिथे आधीच उभी.

"सरा तिकडं. बुंध्याला मी."

तो हसला आणि निमूट शेंड्याकडे गेला.