साच्यातली चार बोटं

"पुसं का? परत पूस."

मिस्तरीचं हे दिवसभर चालायचं. मी पुसून दिलेल्या प्लेटवरून तो हाताची मागची बाजू फिरवायचा, वास घ्यायचा आणि प्लेट परत माझ्याकडे सरकवायचा.

नवापूरजवळच्या त्या कारखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांचे साचे बनायचे. तुम्ही बसता त्या खुर्चीचा साचा धान्याच्या कोठीएवढा असतो, मलाही आधी माहीत नव्हतं. लोखंडाच्या कापलेल्या प्लेटा एकावर एक रचायच्या, मधे तांब्याचा पातळ पत्रा, आवळून भट्टीत घालायचं. तांबं वितळून सगळं एक व्हायचं. प्लेटांच्या भोकांची आत नळी बनायची, तिच्यातून साचा थंड ठेवायला पाणी फिरायचं. तेलाचं बोट लागलं तर तेवढ्या जागी तांबं धरत नाही. म्हणून पुसायचं. बारा वर्षं मी तेच केलं.

शेठच्या डोक्यावर तेल चोपडलेलं. तो वाकून बघायला लागला की मिस्तरी म्हणे, "शेठ, डोकं तिकडे." आम्ही बाया तोंडाला पदर लावायचो. शेठ मागं सरायचा, पण तोंड कडू करून.

भाचीची हळद होती. सकाळी तिला हळद-तेल लावलं, साबणानं हात धुतले, कामावर गेले. हातमोजा बोटांवर फाटलेला होता. नवा मागितला असता तर मिस्तरीनं हात बघितले असते नि घरी पाठवलं असतं. रोज बुडला असता. मी तसाच घातला आणि मिस्तरीनं तपासलेल्या प्लेटा रचल्या.

साचा थंड झाल्यावर पाणी सोडलं, तर बाजूनं झिरपलं. शेठनं तो कापायला लावला. आत एका थरावर तांबं धरलंच नव्हतं. चार बोटांएवढी जागा. बोटं बारीक, बाईची.

"हाथ किसका है?" शेठनं विचारलं.

मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेरा."

त्याची बोटं केळ्यासारखी जाड. शेठला दिसलं नसेल? दिसलं असेल. त्याला निमित्तच हवं असेल, असं मला वाटतं.

मी फडकं धरून उभी होते. नवरा अंथरुणावर, कमावणारी मी एकटी. मी बोलले नाही.

शेठनं मिस्तरीला त्याच दिवशी कामावरून काढलं. जाताना तो दारात थांबला. "बहीन, तू पुसत ऱ्हाय."

पुढं साच्याचं काम त्याला कोणीच दिलं नाही. कोंबड्यांच्या शेडवर पिंजरे धुवायचा. एकदा बाजारात दिसला, मी दुसऱ्या गल्लीनं गेले.

यंदा तो वारला. धानोऱ्याला त्याच्या घरी बसायला गेले. कारखान्यातली म्हणून त्याच्या बायकोनं मला जवळ बसवलं.

"त्यासना हातनी एकच चूक व्हयनी," ती म्हणाली. "तीच जीवले लागी गई. तुम्ही तर तठेच व्हत्यात ना?"

मी हो म्हटलं. तिनं चहा दिला. बशीत ओतून मी तो सगळा प्याले.